रांधा, वाढा, उष्टी काढा

'रांधा, वाढा, उष्टी काढा' हा वाक्प्रचार मराठी वाचकांस नव्याने समजावून सांगावयास नको. बाईच्या जन्माचे गाऱ्हाणे थोडक्यात सांगावयाचे झाले की हेच शब्द तोंडी येतात. कोंकणीतही स्वयंपाकास 'रांदप' आणि स्वयंपाकघरास 'रांदची कूड' म्हणतात. म्हणजे धातू दोन्ही भाषांत एकच, आणि घरात तो चालविणारे हातही दोन्हीकडे आजवर बहुधा बायकांचेच. या वाक्प्रचारात क्रियापदे तीन आहेत, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींना घरी स्वयंपाक शिकवावा काय, आणि शिकवावा तर कशासाठी, हा प्रश्न अलीकडे आमच्या परिचयाच्या बहुतेक घरांत निघतो. त्याचे उत्तर या तीन क्रियापदांतच आहे असे आम्हांस वाटते, आणि ते का वाटते हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर स्वावलंबनाचे असते. मुलगा अठराव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला, बेंगळूरला किंवा हैदराबादला जाणार. खाणावळीचे अन्न चार महिन्यांत नकोसे होणार. मोबाईलवरून मागविलेल्या जेवणापायी पैसा आणि प्रकृती दोन्ही जाणार. तेव्हा निदान वरणभात तरी स्वतःपुरता करता यावा. हे उत्तर खोटे नाही. गांधीजींनी १८८८ साली लंडनसाठी मुंबई सोडली तेव्हा त्यांस एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढे तेथे खर्च कमी करण्यासाठी त्यांनी एक स्टोव्ह घेतला, आणि ओटची लापशी व कोको स्वतःच्या हाताने करून ते आपल्या खोलीत राहू लागले; हे त्यांनी आत्मकथेत आपण होऊन लिहिले आहे. परदेशी एकट्या पडलेल्या तरुणास एवढे आले तरी पुष्कळ झाले.

परंतु हेच गांधीजी १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्मवर राहावयास गेले, तेव्हा तेथील व्यवस्था निराळी होती. नाना धर्मांची माणसे तेथे एकत्र राहत. स्वयंपाकघर सर्वांचे एकच होते. नोकर ठेवलेले नव्हते. रांधण्यापासून सफाईपर्यंतची सर्व कामे रहिवाशांनीच आपापसांत वाटून घ्यावयाची, आणि त्यांतून मुलेही सुटलेली नव्हती. लंडनचा तो स्टोव्ह आणि फार्मवरचे हे स्वयंपाकघर यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच आमच्या विषयाचे मर्म होय. एका ठिकाणी मनुष्य आपल्या पोटापुरते रांधतो. दुसऱ्या ठिकाणी तो इतरांच्या भुकेचा भार आपल्याकडे घेतो. जे केवळ स्वतःसाठी अन्न शिजवितात ते पाप खातात, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. वसतिगृहात एकट्याने खिचडी टाकणाऱ्या विद्यार्थ्यास हे वचन ऐकविणे क्रूरपणाचे होईल. पण आईबापांच्या छायेत राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलास 'पुढे तुझे अडू नये म्हणून शीक' एवढेच कारण आपण सांगितले, तर कौशल्य त्याच्या हाती पडते आणि त्यातील धर्म बाहेरच राहतो.

हे आम्ही ग्रंथांतून शिकलो असतो तर बरे झाले असते. आम्ही ते फार उशिरा, आणि सांगावयास लाज वाटावी अशा रीतीने शिकलो.

२०१८ सालच्या आषाढातील गोष्ट. आमचे घर फोंडे महालात आहे. घरात आमच्या मातोश्री, आमची पत्नी, पंधरा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी, अशी आम्हांसह पाच माणसे. पत्नी मुलीस घेऊन आपल्या आजारी भावास भेटण्यासाठी बेळगावास गेली होती. ती गेली त्याच रात्री आईस ताप भरला. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने डोळे उघडून हलक्या आवाजात थोडी पेज मागितली. गोमंतकात आजाऱ्यास उकड्या तांदळाची पेज द्यावी हे लहान पोरासही ठाऊक असते. ती कशी करावयाची हे मात्र घरातील आम्हां दोघां पुरुषांपैकी एकासही ठाऊक नव्हते. तांदूळ किती, पाणी किती, विस्तव मोठा की मंद, मीठ आधी की मागाहून, काहीच माहीत नाही. आणि आईस विचारावे तर ती पुन्हा ग्लानीत गेलेली. मुलाने मोबाईलमध्ये शोधून काहीसे सांगितले, आम्ही अंदाजाने पातेले चढविले, आणि दोघेही दुसऱ्या कामास लागलो. पाणी कमी पडले असावे आणि विस्तव जास्त झाला असावा. अर्ध्या तासाने जे काही सिद्ध झाले ते पेला व चमचा घेऊन आम्ही आईपुढे नेले.

तिने अर्धा पेला पेज घेतली. मग नातवाकडे पाहून ती म्हणाली, "बरी जाल्या, पुता. आतां तुमीय जेवात."

मागाहून आम्ही ती पेज तोंडात घालून पाहिली. तिला करपल्याचा वास येत होता, दाणा कच्चा होता, आणि मीठ घालावयाचे राहून गेले होते. बावन्न वर्षे जिच्या हातचे आम्ही जेवलो, तिने आयुष्यात पहिल्यांदा आमच्यापाशी अन्न मागितले, आणि आम्ही तिला हे दिले. तिने ते गोड मानून घेतले, आणि तापातही आम्ही उपाशी आहोत याची आठवण ठेवली. आई चार दिवसांत बरी झाली, हे ईश्वराचे उपकार. परंतु या गोष्टीचा शेवट अजून सांगावयाचा आहे. करपलेले पातेले आम्ही पाणी घालून मोरीत ठेवून दिले होते. तिसऱ्या दिवशी पत्नी बेळगावाहून परतली. सासूची विचारपूस करून ती आत गेली, आणि काही वेळाने काथ्याने पातेले घासल्याचा आवाज आमच्या कानी आला. ती एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

आम्ही कृतघ्न माणसे होतो असे आम्हांस वाटत नाही. जेवण झाले की 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची चाल आमच्या घरी होती, आणि आम्ही ते मनापासून म्हणत असू. पण ज्या श्रमाबद्दल कृतज्ञ व्हावयाचे तो श्रम ज्याने कधी हाताळलाच नाही, त्याची कृतज्ञता कितीही प्रामाणिक असली तरी आंधळी असते. तिला आपण कशाचे आभार मानीत आहोत हेच दिसत नाही.

आता हे अज्ञान आले कोठून? पुरुषाच्या हाताला चुलीचे वावडे आहे, असे आपली परंपरा सांगत नाही. नळराजाच्या नावाने पाकशास्त्र प्रसिद्ध आहे. बाहुकाच्या वेषात तो अयोध्येच्या राजाचा सारथी होऊन आला असता, त्याने रांधलेले अन्न चाखूनच दमयंतीने आपल्या पतीची खूण पटविली. अज्ञातवासात भीमाने विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव म्हणून चाकरी केली. लग्नकार्यांतील आचारी आणि देवळांतील रांदपी पिढ्यान्पिढ्या पुरुषच आहेत. तेव्हा पुरुषाने रांधू नये असे कोणी म्हटले नाही. जेथे वेतन आहे, कीर्ती आहे किंवा उत्सव आहे, तेथे त्याने खुशाल रांधावे. जेथे यांपैकी काही नाही आणि काम मात्र रोज दोन वेळा आहे, तेथे बाईने रांधावे, अशी ही वाटणी आहे. मुलगी सासरी जाताना तिच्यासोबत अन्नपूर्णेची मूर्ती देतात. चाल सुंदर आहे. पण त्याच मांडवात उभ्या असलेल्या मुलाच्या हाती अन्नाचे कोणते दैवत आपण देतो, याचा विचार करून पाहावा.

या वाटणीचे माप सरकारी पाहणीतही उमटले आहे. भारताच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशव्यापी पाहणी केली. आपल्या घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण त्या वेळी स्त्रियांत शेकडा ८१ आणि पुरुषांत शेकडा २६ आढळले. आणि असे काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषाचा ९७ मिनिटे. वय वर्षे सहा आणि त्यावरील सर्वांची ही गणती आहे. याचा अर्थ ही वाटणी लग्नानंतर सुरू होत नाही. मुलांच्या हाताला वळण लागण्याच्या वयातच ती पडू लागते.

बडोद्याच्या वाचकांस या संदर्भात एक गोष्ट आठवेल. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात, केवळ पुरुष असा अर्थ निघू शकेल अशा शब्दाऐवजी सर्व मानव असा अर्थ देणारे शब्द असावेत, असा आग्रह हंसाबेन मेहता यांनी धरला, आणि १९४८ साली संमत झालेल्या जाहीरनाम्यात तसे शब्द आले. त्याच हंसाबेन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि त्यांच्या कारकिर्दीत तेथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. घरातील ज्ञानास विद्यापीठाची प्रतिष्ठा मिळाली हे मोठेच कार्य झाले. परंतु ती विद्या घेण्यास आल्या त्या मुख्यतः मुलीच. जाहीरनाम्यातील शब्द बदलण्यापेक्षा घरातील सवय बदलणे कठीण असते. जपानने गृहशास्त्राचा विषय मुलगे आणि मुली दोघांनाही सक्तीचा केला तो माध्यमिक शाळेच्या खालच्या टप्प्यात १९९३ साली आणि वरच्या टप्प्यात १९९४ साली. शाळा हे करील तेव्हा करो. घरास कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पेजेच्या त्या प्रसंगानंतर आमच्या घरी ठरले की मुलाने आठवड्यातून एका रात्रीचा स्वयंपाक करावयाचा. मुलीने पुढच्या वर्षापासून, आणि आम्हीही एक वार घ्यावयाचा. आम्ही मुलासाठी रविवार सुचविला. पत्नीने तो नाकारला. ती म्हणाली, "रविवार हौसेचा. त्या दिवशी कोणीही रांधील. बुधवार घ्या, बुधवारी शाळा असते, शिकवणी असते, अंग मोडून आलेले असते, आणि तरीही जेवण लागतेच." आम्ही पुष्कळ तत्त्वचर्चा वाचली आहे, पण कर्तव्य आणि आवड यांतील भेद इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेला आम्हांस आठवत नाही.

रांधणे हे पहिले क्रियापद मुलगा सहा महिन्यांत बऱ्यापैकी शिकला. भातास दुप्पट पाणी आणि पेजेस आठ-दहा पट; डाळ शिजेपर्यंत तीत आमसूल घालू नये; फोडणीत मोहरी तडतडल्यावाचून पुढचे काही पडू नये; नारळाचा घट्ट रस शेवटी घालावा आणि मग फार उकळू देऊ नये, नाहीतर तो फुटतो. हे सर्व त्याला त्याच्या आजीने शेजारी पाट टाकून, हात न लावता, केवळ बोलून शिकविले. तिला हात न लावणे फार जड गेले. दाणे जळत आहेत, कांदा जाड चिरला जात आहे, हे पाहत स्वस्थ बसणे म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांचे राज्य दुसऱ्याच्या हाती देणे होय. मुले शिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या घरांत पुष्कळदा हे राज्यच सुटत नसते. आणि ते सुटू नये याचेही कारण आहे. ज्या बाईस घरात दुसरा कोणताच अधिकार कधी मिळाला नाही, तिने हा एकमेव अधिकार घट्ट धरून ठेवला तर तिला दोष देण्याचा हक्क आम्हां पुरुषांस नाही.

परंतु मुलाला खरे शिक्षण मिळाले ते दुसऱ्या क्रियापदाने. एका बुधवारी हुमणात इसवणाचे चारच तुकडे होते आणि माणसे पाच. जेवणारास हा हिशेब कधी करावा लागत नाही. तो वाढणारास करावा लागतो. मुलगा डाव हातात धरून थांबला. त्याची आई सवयीने म्हणाली, "मला तुकडा नको, मला नुसती कढीच आवडते." हे वाक्य तो जन्मापासून ऐकत आला होता आणि जन्मापासून खरे मानीत आला होता. आम्हीही आमच्या आईच्या तोंडचे ते तसेच खरे मानले होते. त्या रात्री पहिल्यांदा त्याला ते खोटे आहे असे दिसले, कारण चाराला पाचांनी भागण्याची पाळी त्याच्यावर आली होती. त्याने तुकडे मोडून पाच वाटे केले. कोणी काही बोलले नाही. आम्हांस मात्र वाटले की नीतिशास्त्राचा जो धडा आम्ही त्याला शब्दांनी कधी देऊ शकलो नसतो, तो एका डावाने दिला. वाढणाऱ्याचे लक्ष प्रत्येकाच्या ताटाकडे असावे लागते: कोणाला काय पुरले, कोण लाजून मागत नाही, कोण अजून बसलेलेच नाही. स्वतःच्या भुकेपलीकडे पाहण्याची ही सवय, आणि ती लागावी असे वय तेरा ते अठराचेच. त्याआधी शक्ती नसते आणि त्यानंतर सवड नसते.

तिसरे क्रियापद सर्वांत अप्रिय, आणि म्हणूनच त्यावाचून शिक्षण पुरे होत नाही. आजकाल पुष्कळ घरांत मुलगे हौसेने केक भाजतात, नूडल्स करतात, त्यांची छायाचित्रे निघतात, आजी-आत्या तोंडभर कौतुक करतात. त्यांची बहीण रोज पोळ्या लाटते तिचे छायाचित्र कोणी काढीत नाही. हौशी रांधणारा उठून गेला की ओटा पुसावयास, भांडी घासावयास आणि सांडलेले पीठ गोळा करावयास दुसरेच कोणी मागे राहते. असा मुलगा स्वयंपाक शिकला असे म्हणता येणार नाही. तो केवळ नव्या रीतीने सेवा करून घेण्यास शिकला. आमच्या घरचा नियम एवढाच आहे की ज्याचा वार त्याने शेवटचे पातेले घासून पालथे घातल्यावर स्वयंपाकघराचा दिवा मालवावा. हा नियम आम्हांस कोठून सुचला हे वाचकांस सांगावयास नकोच.

यावर दोन-तीन आक्षेप येतात आणि ते टाळून जाणे योग्य होणार नाही. पहिला अभ्यासाचा. दहावीचे वर्ष आहे, मुलाला चुलीपाशी कशाला बसवावे? यास आमचे उत्तर असे की दहावीत मुलगीही असते, आणि तिच्या बाबतीत हा आक्षेप सर्वच घरांत तेवढ्या जोराने निघत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. मुलगा मिळवता होईल, स्वयंपाकास बाई ठेवील. ठेवो, पण वीस पोळ्यांना किती वेळ आणि किती पाठदुखी लागते हे ज्याला माहीत नाही, तो त्या बाईस न्यायाचे वेतन कशाच्या आधारावर देणार?

तिसरा आक्षेप खरोखर गंभीर आहे, आणि तो आयांचा आहे. आमच्या ओळखीच्या काही सुशिक्षित माता म्हणतात, "मी माझ्या मुलीला स्वयंपाक मुद्दाम शिकवणार नाही. तिला येतो असे कळले की जन्मभर तिच्याच गळ्यात पडेल." ज्यांनी स्वतः ती बेडी वाहिली त्यांचे हे बोलणे आहे, आणि त्यापुढे मान खाली घालावी असेच वाटते. तरीही विचारान्ती आम्हांस ते पटत नाही. बेडी विद्येची कधीच नव्हती. घरातील पाचांपैकी एकीलाच ती विद्या येत होती, त्याची बेडी झाली. विहिरीचे पाणी एकालाच शेंदता येत असेल तर तो सर्वांचा गडी होतो. सर्वांना येत असेल तर ज्याला तहान लागली तो पोहरा सोडतो. मुलीला न शिकविल्याने तिची सुटका होईल, पण तिच्या जागी दुसरी कोणी बाई उभी करावी लागेल. मुलाला शिकविल्याने मात्र ती जागाच उरणार नाही. म्हणून ज्या मातेस मुलीची काळजी आहे तिने आधी मुलाला शिकवावे, आणि दोघांना शिकवावे, असे आमचे नम्र मत आहे.

पूर्वी पुण्यासारख्या विद्येच्या गावी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरांतून त्यांचे पोट भरे. त्या चालीत मानहानी होती, आणि ती गेली हे उत्तम झाले. पण वारावर जेवलेला मनुष्य आपल्याला कोणी कोणी खाऊ घातले हे म्हातारपणीही घरानिशी सांगू शके. आजचा मुलगा एकाच घरी, एकाच हातचे, दिवसातून तीनदा जेवतो आणि त्याला ते कळत नाही. तेव्हा वार पुन्हा लावावेत, पण जेवण्याचे नव्हे, रांधण्याचे, एवढेच आमचे म्हणणे.

आमचा मुलगा आता परगावी असतो. आमच्या मातोश्री आज नाहीत. शेवटच्या वर्षी त्यांना पुन्हा बरेच दिवस पेजेवर राहावे लागले, आणि त्यांतले बुधवार मुलाचे होते. पहिल्याच बुधवारी आईने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि म्हटले, "मीठ उणें." ते ऐकून आम्हांस किती समाधान झाले हे सांगता येत नाही. आजवर ती आम्हांला सांभाळून घेत आली होती. आता आपल्या नातवाला स्वयंपाक येतो हे तिने मान्य केले होते. त्याने उठून मीठ आणले.